अडीच एकर हिरवळ, बसून चालवायचं गवत कापायचं मशीन: बॅटरीवालं घ्यावं की पेट्रोलवालं?

गवतात_रविवार यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय कारण निर्णय होत नाहीये आणि गवत काही कुणासाठी थांबत नाही.

जागा ३ एकर आहे, घर, गाडीचा रस्ता, झाडांची आळी वगैरे सोडलं तर अडीच एकराच्या आसपास नुसती हिरवळ. पुढचा भाग सपाट, मागे उतार आहे, आणि उताराच्या तळाला पाणी साचतं त्यामुळे तिथलं गवत कायम दाट आणि ओलं. सध्या ४२ इंची डेकचं (डेक म्हणजे पाती ज्यात फिरतात तो खालचा भाग) पेट्रोलवालं मशीन आहे, बरंच जुनं, सकाळी चालू केलं की निळा धूर सोडतं, दोनदा गवत कापलं की ऑइल कमी झालेलं असतं, आणि डेकचा पट्टा यंदा दोनदा बदलला. दुरुस्त करत बसायचं की नवीन घ्यायचं यावर घरात बोलून झालं, नवीन घ्यायचं ठरलंय. आता अडलंय ते बॅटरी का पेट्रोल यावर.

जास्त करून वडील चालवतात, सत्तरी ओलांडलीये पण मशीनवर बसले की उठायला तयार नसतात, त्यांना त्यात आनंद आहे आणि तो मला घालवायचा नाहीये. पण पेट्रोलचा कॅन उचलून ओतणं, ऑइल बघणं, हे आता त्यांच्याच्याने होत नाही, मीच करतो आणि मी आठवड्यातले पाच दिवस घरी नसतो. त्यामुळे मन बॅटरीकडे ओढतंय. भीती एकच, अर्ध्या हिरवळीत मशीन बंद पडलं तर? व्हिडिओ बघितले तर एक माणूस म्हणतो तीन एकर आरामात होतं, दुसरा म्हणतो एक एकरात संपलं, मशीन तर दोघांचं सारखंच दिसतंय. (नवीन वाचणाऱ्यांसाठी, त्या व्हिडिओंत गॅस मोवर म्हणतात ते सिलेंडरच्या गॅसवर चालणारं नाही, आपलं पेट्रोलच.)

ज्यांनी स्वतः मोठ्या लॉनवर वापरलंय त्यांनी कृपया सांगा. कंपनीचं पत्रक मीही वाचलंय.

---

हिरवा_पट्टा

दादा, मी बॅटरीवालं वापरतो, तिसरा सीझन चालू आहे, ४८ व्होल्ट १०० अँपिअर-अवरचं लिथियम, डेक तुमच्यासारखाच ४२ इंची. म्हणजे बॅटरीत झाली साधारण ४.८ युनिट वीज. सगळा खेळ या एका आकड्याचा आहे आणि पत्रकावर नेमका तोच बारीक अक्षरात असतो, मोठ्या अक्षरात एकर लिहिलेले असतात. एकर बघू नका, युनिट बघा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, भागिले हजार, झालं.

आता तुमचे ते दोन व्हिडिओवाले, दोघंही खरं बोलत असणार. माझ्या मशीनला करंट दाखवणारा मीटर आहे म्हणून मला हे डोळ्यांनी दिसतं. कोरडं गवत, दर आठवड्याला कापलेलं, पातं धारदार, सपाट जागा, तर मीटर ६० ते ७० अँपिअरच्या मध्ये खेळत असतो. त्या हिशोबाने दीड तास मिळतो आणि दीड एकराच्या थोडं पुढे जातो. एकदा मी बाहेर होतो आणि तीन आठवडे कापायचं राहिलं, वर पाऊस पडून गेलेला, त्या दिवशी काटा ११० च्या खाली यायलाच तयार नाही, मध्येच १२०, मशीन हळू करावं लागलं कारण डेकमधून गवत बाहेरच पडत नव्हतं, ओले गोळे होऊन पडत होते, आणि पाऊण एकरात बॅटरी १५ टक्क्यांवर. तेच मशीन, तीच बॅटरी, तोच माणूस. दीड एकर आणि पाऊण एकर.

म्हणून माझं म्हणणं आहे की तुमच्या चांगल्या दिवसाचा हिशोब करू नका, वर्षातला सगळ्यात वाईट आठवडा डोळ्यासमोर आणा. पावसाची झड लागून गेलीये, दोन रविवार हुकलेत, तळाचं गवत घोट्याच्या वर गेलंय, त्या दिवशी एका बैठकीत किती कापावंच लागेल? तेवढी बॅटरी परवडत असेल तर बॅटरी घ्या. आणि त्या दिवशी दोन बैठकांत विभागून चालत असेल तर मग लहान बॅटरीही पुरते. माझं विभागून चालतं, मी शनिवारी पुढचं आणि रविवारी मागचं करतो, म्हणून मला तीन वर्षांत एकदाही ढकलत आणावं लागलं नाही.

अजून एक सांगतो. आवाज कमी असतो हे सगळे सांगतात, पण त्याचा उपयोग काय ते वापरल्यावर कळतं. मागच्या महिन्यात कापताना उजव्या बाजूने बारीक टिक टिक ऐकू आलं, लगेच थांबलो, पाती बंद केली, चावी काढली, खाली वाकून बघतो तर पात्याच्या टोकाला पाण्याच्या पाइपला बांधायची तार गुंडाळली गेली होती. जुन्या पेट्रोल मशीनवर हे मला ऐकूच आलं नसतं, पात्याचं बेअरिंग जाईपर्यंत कळलं नसतं.

---

स्पॅनर_तेरा

लहान इंजिनं दुरुस्त करण्यात माझी वीस वर्षं गेलीत, त्यामुळे मी पेट्रोलच्या बाजूने बोलणार असं वाटेल, तसं नाही, पूर्ण वाचा.

आधी तुमच्या निळ्या धुराबद्दल. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, नाहीतर व्हॉल्व्हच्या गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते ती) उतरत असेल. रात्रभर उभं राहून सकाळी पहिल्यांदा चालू करतानाच धूर येऊन मग थांबत असेल तर गाइडचा संशय जास्त, चढावर जोर देताना सतत येत असेल तर रिंगा. आणि एकदा ऑइल गरजेपेक्षा जास्त भरलंय का तेही बघा, त्यानेही असाच धूर येतो आणि लोक उगाच इंजिन उघडतात. नवीन घेणार असलात तरी बघा, कारण जुनं मशीन विकायचं असेल तर हे माहीत असलेलं बरं.

आता ऊर्जेचा हिशोब, वरच्या भाऊंनी युनिटमध्ये सांगितलंय तर मीही युनिटमध्येच सांगतो. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. पण या लहान इंजिनात त्यातला पाचवा हिस्सा, फार तर चौथा, पात्यापर्यंत आणि चाकापर्यंत पोचतो, उरलेली सगळी उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि फिन्समधून (इंजिन थंड ठेवणाऱ्या पातळ पट्ट्या) जाते. म्हणजे लिटरमागे २ युनिट काम धरा. ४.८ युनिटच्या बॅटरीतून मोटर चार-सव्वाचार युनिट काम काढते. म्हणजे भरलेली बॅटरी ही दोन-सव्वादोन लिटर पेट्रोलएवढी झाली. प्रत्यक्षात फरक थोडा बॅटरीच्या बाजूने अजून जातो, कारण पेट्रोल इंजिन गवत विरळ असलं तरी पूर्ण आरपीएमवरच पळवावं लागतं आणि हलक्या लोडवर ते अजून खादाड होतं, मोटर मात्र गवत विरळ झालं की लगेच करंट कमी करते. पण टाकी असते दहा-बारा लिटरची. आणि संपली तर पाच मिनिटांत परत भरते. बॅटरी पाच मिनिटांत भरत नाही, काय वाट्टेल ते केलं तरी. ज्याला एका दमात चार-पाच एकर कापायचं आहे, किंवा दिवसभर लोकांची लॉनं कापून पोट भरायचं आहे, त्याला मी आजही पेट्रोलच सांगतो.

पण माझ्याकडे पेट्रोलची मशीनं कशाने येतात ते ऐका. इंजिन झिजून येणारी फार थोडी. जास्तीत जास्त येतात ती सीझनच्या सुरुवातीला, "मागच्या वर्षी चांगलं चालत होतं, आता चालूच होत नाही" म्हणून. कार्बोरेटरची खालची वाटी उघडली की तळाला पिवळट चिकट थर, कधी कधी पांढरी भुकटी, आणि मेन जेटचं भोक, जे मुळात सुईच्या टोकाएवढं, ते बंद. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी एका मर्यादेपुढे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होऊन टाकीच्या तळाला बसतात आणि इंजिन पहिल्यांदा तेच ओढतं. महिनाभरापेक्षा जास्त उभं राहणार असेल तर एक तर पेट्रोल काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा, नाहीतर ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव) टाकून दहा मिनिटं चालवा म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचेल. नुसतं टाकीत ओतून झाकण लावलं तर अर्धंच काम झालं.

बाकी काम नेहमीचंच. नवीन इंजिनाचं पहिलं ऑइल बऱ्याच कंपन्या ५ तासांनी बदलायला सांगतात, पुढे साधारण दर ५० तासांनी किंवा वर्षातून एकदा. एअर फिल्टर, प्लग. आणि एक गोष्ट कुणीच करत नाही, इंजिनवरचं पत्र्याचं कव्हर काढून फिन्समध्ये अडकलेलं वाळलं गवत साफ करणं. हवेने थंड होणारं इंजिन आहे, फिन्स बुजल्या की ते आतून भाजतं. मी कव्हर काढल्यावर आत उंदराचं अख्खं घरटं निघालेलं पाहिलंय, मालक म्हणत होता इंजिनात दम नाही.

तुमच्या बाबतीत, पाच दिवस घरी नसणारा माणूस आणि सत्तरीतले वडील, हे सगळं करणार कोण हा प्रश्न मला एकराच्या प्रश्नाइतकाच मोठा वाटतो. पेट्रोल मशीन वाईट नाही, पण त्याला सांभाळणारा माणूस लागतो.

आणि बॅटरीवाल्याला मेंटेनन्सच नाही हे जे पसरवतात ते साफ चूक आहे. पाती तीच, पात्यांच्या स्पिंडलची (पातं ज्यावर फिरतं तो दांडा) बेअरिंगं तीच, डेकखाली चिकटणारं गवत तेच, टायरची हवा तीच. पातं बोथट असेल तर पेट्रोलवाल्याला कळत नाही, थोडं जास्त पितं एवढंच, बॅटरीवाल्याला मात्र लगेच अंतर कमी झालेलं दिसतं.

---

गवतात_रविवार

दोघांचेही मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगत नाही. स्पॅनर दादा, धूर सकाळचाच असतो, दोन मिनिटांनी थांबतो. म्हणजे गाइड.

एक विचारायचं होतं, मला एक वापरलेलं बॅटरीवालं मशीन मिळतंय, लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांचं, ४८ व्होल्ट ७५ अँपिअर-अवर, म्हणजे तुमच्या हिशोबाने ३.६ युनिट. विभागून कापलं तर पुरेल ना?

---

पाणी_बघितलं_का

थांबा, घेऊ नका. निदान हे वाचेपर्यंत तरी.

मी असंच घेतलं होतं, वापरलेलं, १२ व्होल्टच्या चार लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. विकणाऱ्याने चार्ज करून दाखवलं, काटा फुल, मीही बसून एक चक्कर मारली, मस्त पळालं. घरी आणून कापायला घेतलं, वीस मिनिटांनी काटा निम्म्यावर आणि पाच मिनिटांनी थेट लाल. सुट्टीच्या दिवशी भर उन्हात ते धूड मी आणि माझ्या भावाने दोरी लावून ओढत शेडपर्यंत आणलं. मला त्या माणसाचा राग आजही आहे कारण त्याला माहीत होतं, दोन बॅटऱ्यांत पाणी प्लेटच्या खाली गेलेलं होतं, झाकणं उघडली असती तर मलाही दिसलं असतं. तेव्हा उघडून बघायचं असतं हे मला माहीत नव्हतं, तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहितेय.

त्यानंतर जे शिकले ते सांगते. पहिलं, लेड-अ‍ॅसिडवर लिहिलेले ७५ अँपिअर-अवर हे बहुतेक वेळा २० तासांच्या हिशोबाचे असतात, म्हणजे पावणेचार अँपिअरने सावकाश काढले तर. गवत कापताना तुम्ही ६०-७० अँपिअरने ओढता, इतक्या जोरात ओढलं की लेड-अ‍ॅसिड लिहिल्यापेक्षा बरंच कमी देते, त्यामुळे ते ३.६ युनिट तुमच्या हातात कधीच येत नाहीत. लिथियममध्ये हा फटका खूप कमी बसतो. दुसरं, लेड-अ‍ॅसिड दरवेळी पूर्ण रिकामी केली तर लवकर मरते, निम्म्यापर्यंत वापरून लगेच चार्जला लावली तर टिकते, म्हणजे उरलेल्यातले पण निम्मेच धरा. तिसरं, एकापुढे एक जोडलेल्या असल्यामुळे त्यातली एक जरी कमजोर असेल तरी बाकीच्या तिच्या पायरीवर उतरतात, आणि जुन्या तीनमध्ये एक नवी टाकून भागत नाही, सगळ्या एकदम बदलाव्या लागतात. चौथं, अर्ध्या रिकाम्या सोडून दिल्या तर प्लेटवर सल्फेट बसतं, ते पुढे निघत नाही. लेड-अ‍ॅसिड साठवताना फुल करून ठेवायची, लिथियम साठवताना उलट, निम्म्याच्या आसपास ठेवायची, लोक इथेच गोंधळतात.

घ्यायचंच असेल तर असं करा. रात्रभर चार्ज झाल्यावर चार्जर काढून काही तास जाऊ द्या, मग प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज वेगवेगळा मोजा. फुल असलेली १२.६ ते १२.७ दाखवेल, चौघींमध्ये फरक जवळजवळ नको. मग प्रत्यक्ष गवतात, पाती चालू ठेवून, अर्धा तास कापा आणि लगेच परत चारही मोजा. जी बाकीच्यांपेक्षा खाली गेली असेल ती आजारी. विकणारा अर्धा तास कापू देत नसेल तर समजून जा.

मी शेवटी लेड-अ‍ॅसिड काढून लिथियम आयर्न फॉस्फेटचा संच बसवून घेतला, चार्जरही बदलावा लागला कारण जुना चालत नाही. वजन इतकं कमी झालं की पावसाच्या दिवसांत चाकाचे जे खड्डे पडायचे ते बंद झाले. मशीनबद्दल आता काही तक्रार नाही.

---

उतारावरचा

सगळं बॅटरी आणि इंजिनावर चाललंय, तुमच्या मागच्या उताराबद्दल कुणी बोललंच नाही. माझ्या मते तुमच्यासाठी आधी तो प्रश्न आहे, कारण चालवणार आहेत वडील.

बसून चालवायच्या बहुतेक मशीनांच्या पुस्तकात १५ अंशांच्या वर नेऊ नका असं लिहिलेलं असतं, काहींत त्याहून कमी. डोळ्याने अंदाज करू नका, डोळा नेहमी कमी सांगतो. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या, वरचं टोक उतारावर टेकवा, पट्टीवर लेव्हल ठेवून आडवी सरळ करा, आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंत किती अंतर आहे ते मोजा. २७ सेंटिमीटरला आलं की १५ अंश झाले. साडेसतरा म्हणजे १० अंश. सगळ्यात चढाची जागा शोधून तिथे मोजा, सरासरी काढू नका. २७ च्या जवळ असेल तर तेवढा पट्टा मशीनने कापायचाच नाही, तिथे हाताने चालवायचं काहीतरी वापरा किंवा झुडपं लावून टाका.

बसून चालवायच्या मशीनने उतारावर वर-खाली जायचं, आडवं नाही, आडवं गेलं की कलंडतं. हाताने ढकलायच्या मशीनचं बरोबर उलट असतं, ते आडवं चालवायचं, म्हणजे पाय घसरला तर तुम्ही त्याच्या खाली जात नाही. वडिलांना ही दोन वेगवेगळी आहेत हे नीट समजावून सांगा. आणि झिरो टर्न नावाचा जो प्रकार आहे, दोन दांड्यांचा, तो सपाटीवर फार सुंदर आणि झाडांभोवती तर विचारू नका, पण त्याची पुढची चाकं नुसती गरगर फिरणारी असतात, ब्रेक आणि वळणं सगळं मागच्या दोन चाकांवर, आणि ओल्या उतारावर मागची चाकं घसरली की दिशा तुमच्या हातात राहत नाही. तुमच्या तळाला पाणी साचतं म्हणालात, म्हणजे घसरून थांबणार ते पाण्याजवळच. तुमच्यासाठी स्टीअरिंगवालंच बघा.

बॅटरीचा इथे एक फायदा आणि एक तोटा आहे. फायदा हा की बॅटऱ्या सीटखाली बसवल्या असतील तर वजन खाली राहतं, आणि काही मशीनांत उतरताना मोटरच ब्रेक लावते, वेग अंगावर येत नाही. तोटा हा की चढ बॅटरी पितो, आणि उतरताना परत येतं ते फारच थोडं. तुमच्या अडीच एकरात अर्धा एकर जरी चढाचा असेल तरी पत्रकातला आकडा बराच खाली आणा.

---

हिरवा_पट्टा

उताराचं अगदी पटलं, माझ्याकडे सपाट आहे म्हणून माझ्या लक्षातच आलं नाही.

कानांबद्दल पण लिहितो. पेट्रोलवाल्या मशीनवर बसल्यावर कानाशी ९० ते १०० डेसिबल भरतो. सुरक्षित मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास. अडीच एकर म्हणजे दोन-सव्वादोन तास. माझ्या काकांनी कित्येक वर्षं कानाला काही न लावता ट्रॅक्टर चालवला आणि आज फोनवर त्यांच्याशी बोलायचं म्हणजे शेजारच्यालाही ऐकू जातं. पेट्रोल घेतलंत तर वडिलांना कानावर मफ लावायला लावाच. बॅटरीवालं बरंच शांत असतं, पण पात्यांचा घों घों आवाज असतोच, मी त्यावरही लावतो.

---

गवतात_रविवार

मंडळी, दहा दिवसांनी परत आलो, कारण तुम्ही सांगितलेलं सगळं आधी करून बघितलं.

पहिली गोष्ट, हिरवळ अडीच एकर नाहीच. मोठ्या टेपने तुकड्या तुकड्यांत मोजली, ७,७०० चौरस मीटर निघाली, म्हणजे एकराला ४,०४७ धरले तर १.९ एकर. इतकी वर्षं आम्ही अडीच अडीच म्हणत होतो. मग जुन्या मशीनवर घड्याळ लावून कापलं, पुढचा भाग ५५ मिनिटं, मागचा ५० मिनिटं, मध्ये वडिलांनी घेतलेली विश्रांती सोडून. मला वाटलं होतं तीन तास लागत असतील, पण त्यात पेट्रोल आणायचा, पट्टा बसवायचा वेळही मी धरत होतो.

दुसरी गोष्ट, उतार. सगळ्यात चढाच्या जागी पट्टी लावली, २४ सेंटिमीटर. मर्यादेच्या आत आहे पण वडिलांनी तिथे जायचं नाही असं मी ठरवलं, त्यांना सांगितलं, ते आधी रागावले, मग स्वतः पट्टी लावून मोजायला गेले आणि परत येऊन म्हणाले तेवढ्या पट्ट्यात लिंबाची चार झाडं लावू. तर तो प्रश्न मिटला आणि कापायचं गवतही कमी झालं.

तिसरी, ते वापरलेलं मशीन. ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मीटर घेऊन गेलो. तीन बॅटऱ्या १२.६ च्या आसपास, चौथी ११.९. झाकण उघडून दाखवा म्हटलं तर वेळ नाही म्हणाले. परत आलो. तुम्ही लिहिलं नसतं तर मी त्या दिवशी ते घरी आणलं असतं.

आता नवीन लिथियमवालं घ्यायचं जवळजवळ पक्कं आहे, ४२ इंची, स्टीअरिंगवालं. दोन पर्याय आहेत, एक ५ युनिटच्या आसपासचा आणि एक साडेसात युनिटचा. वाईट आठवड्याचा हिशोब हिरवा पट्टा यांच्या मीटरवरून केला, १२० अँपिअरने ४८ व्होल्ट म्हणजे तासाला पावणेसहा युनिट, लहान बॅटरी तासाभराच्या आत संपणार आणि तेवढ्यात मागचा ओला भाग एका बैठकीत होणार नाही. मोठी असेल तर सव्वा तास मिळतो, त्यात मागचा भाग होतो. दोन दिवसांत विभागायला वडील तयार आहेत, उलट त्यांना दोन दिवस बसायला मिळेल म्हणून खूश आहेत. म्हणून मोठीच घ्यावी असं वाटतंय. चुकत असेल तर सांगा.

आणि एक, चार्जिंग शेडमध्ये करायचं आहे, घरापासून वीस मीटर लांब आहे, गुंडाळीचं एक्स्टेंशन बोर्ड आहे ते चालेल का?

---

स्पॅनर_तेरा

मोठी घ्या, बरोबर चाललंय. बॅटरी वर्षागणिक थोडी थोडी कमी होत जाते, पाचव्या-सहाव्या वर्षीही तो ओला भाग एका बैठकीत झाला पाहिजे, त्यासाठी आज थोडी जास्त असलेली बरी.

गुंडाळीचं एक्स्टेंशन अजिबात नको. चार्जर सहा-सात तास सतत करंट घेतो, वायर गुंडाळलेली असली की आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही, इन्सुलेशन वितळतं. तात्पुरतं वापरायचंच झालं तर सगळी वायर उलगडून जमिनीवर पसरून वापरा. कायमचं म्हणाल तर इलेक्ट्रिशियनकडून शेडपर्यंत स्वतंत्र लाइन, १६ अँपिअरचं सॉकेट, अर्थिंग आणि गळती झाल्यावर ट्रिप होणारा ब्रेकर लावून घ्या, शेड आहे, ओल असणार. चार्जर भिंतीला लावा, बाजूला वाळलं गवत आणि जुन्या मशीनचा पेट्रोलचा कॅन ठेवू नका. कडाक्याच्या थंडीत पारा शून्याखाली जात असेल तर त्या वेळी लिथियम चार्ज करायची नाही, आधी उबेत आणायची.

जुनं मशीन विकायच्या आधी डेकवरची पाती काढून धार लावून परत बसवा आणि घेणाऱ्याला गाइडचं स्पष्ट सांगा. सकाळचाच धूर असेल तर ते इंजिन अजून चालेल, कुणाच्या तरी कामाला येईल.

---

पाणी_बघितलं_का

मीटर घेऊन गेलात हे वाचून फार बरं वाटलं. वडिलांना नमस्कार सांगा, आणि नवीन मशीनवर पहिल्या दिवशी किती टक्के उरली ते इथे नक्की लिहा, माझ्याकडच्या आकड्याशी ताडून बघायचं आहे.